नवे गुडघे मंडळातून नूरबानो गेल्या

सायली : आजी, फोन खाली ठेव. आता आणखी एक शब्द पाठवू नकोस.

लंकाबाई : ठेवला. डोक्याला टॉवेल गुंडाळून अशी धावत आलीस, मला वाटलं गिझर फुटला.

सायली : ग्रुपवर काय बोललीस तू?

लंकाबाई : कंच्या ग्रुपवर?

सायली : तुझे ग्रुप आहेत किती? नवे गुडघे मंडळ.

लंकाबाई : बोलायचं तेच बोलले. तूच सकाळी आतून वाचून दाखवलंस, मनमाडच्या नूरबानो गेल्या. मी म्हणलं, जाऊ दे.

सायली : जाऊ दे?

लंकाबाई : मग काय पाय धरू तिचे? चार दिवसांमागं एकशे बारा बायांदेखत म्हणाली, दिंडोरीवालीला ऐकायचं नसेल तर मीच जाते ग्रुपमधून. आज गेली. सात वाजता व्यायामाची गिनती बी आली नाय. राग माझ्यावर आन् उपास सगळ्यांना. सगळ्या बाया पाय लांब करून बसल्या असतील तिच्या आवाजाची वाट बघत.

सायली : आजी, त्या ग्रुपमधून नाही गेल्या.

लंकाबाई : तूच म्हणलीस गेल्या.

सायली : गेल्या म्हणजे वारल्या. आज पहाटे.

लंकाबाई : कोण?

सायली : नूरबानो आपा.

लंकाबाई : नाय. नीट वाच. तू घाईत अर्धंच वाचतेस. विजेचं बिल बी तसंच वाचलं होतंस.

सायली : नीट वाचलंय, दोनदा. व्यायाम शिकवणाऱ्या तुमच्या उज्वलाताईंनीच टाकलंय. मनमाडच्या आपल्या नूरबानो आपा पहाटे हृदयविकाराच्या झटक्यानं गेल्या. मी पहिलीच ओळ ओरडून सांगितली. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं धक्का बसला असेल, जरा एकटी राहू दे. म्हणून आंघोळीला गेले.

लंकाबाई : आमच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी जातं, पोरी. शकुबाई तीनदा गेली. एकदा तर तिच्या सुनेचा फोटो कोणी वाखाणला नाय म्हणून गेली. संध्याकाळी उज्वलानं परत घेतली. गेली म्हणलं की माझ्या डोक्यात तेच येणार. मेलेलीला बी गेली आन् रुसलेलीला बी गेली. एवढं शिकून सवरून एक वेगळा शब्द नाय सापडला तुम्हाला?

सायली : चूक माझी आहे.

लंकाबाई : तुझी चूक मग बघू. माझं बोलणं लाव.

सायली : नको ना.

लंकाबाई : लाव म्हणते.

(फोनमधून लंकाबाईंचाच खणखणीत आवाज : “गेली का मनमाडवाली? बरं झालं. तिच्यावाचून कोणाचा पाय लटकत नाय. आन् परत आली तर कोणी घेऊ नका तिला, मी सांगून ठेवते. जाऊन जाऊन जाणार कुठं म्हणा. माझ्याशी भांडल्याबिगर तिला चहा पचत नाय. चार दिवसांत येईल रडत. मी इथंच बसलेय.”)

लंकाबाई : बंद कर.

सायली : बंदच झालं ते.

लंकाबाई : किती जणींनी ऐकलं?

सायली : एकाहत्तर.

लंकाबाई : आन् तिच्या घरी?

सायली : आपांच्या नंबरावरही ऐकल्याची खूण आहे. फोन घरातल्या कुणाच्या तरी हातात असणार.

लंकाबाई : म्हणजे ती तिथं अंथरुणावर पडलेली आन् मी तिच्या उशाशी म्हणतेय, बरं झालं.

सायली : तुला माहीत नव्हतं, आजी.

लंकाबाई : त्यांना कुठं ठाऊक हाय मला ठाऊक नव्हतं ते? बोललेलं खोडता येतं ना त्याच्यात?

सायली : येतं. पण तिथं लिहून येईल, लंकाबाईंनी मेसेज काढून टाकला.

लंकाबाई : चोरी करायची आन् दारात आपलं नाव लिहून यायचं. राहू दे.

सायली : मग मी लिहू का? गैरसमजातून बोलले, माफ करा.

लंकाबाई : शिव्या द्यायला मी आन् माफी मागायला तू? तुझ्या अक्षरात माझी माफी कोण ओळखेल?

सायली : मग तू बोल. हे बटण दाबून धर.

लंकाबाई : धरता येतं मला. सोड. नाय, काढ तो फोन समोरून. जीभ नाय उचलत आता. बाकीच्या काय म्हणतात?

सायली : तुझ्याबद्दल कुणीच काही म्हटलेलं नाही. तुझ्या मेसेजनंतर सगळ्या गप्प झाल्या.

लंकाबाई : तिच्याबद्दल विचारते.

सायली : पिंपळगावच्या सुलाबाईंनी लिहिलंय, ऑपरेशननंतर मी दोन महिने जिना चढले नव्हते. आपांनी फोन चालू ठेवायला सांगितला आणि मनमाडला बसून मला चौदा पायऱ्या चढवल्या. वर गेल्यावर म्हणाल्या, आता उतरायचे पैसे वेगळे.

लंकाबाई : तशीच होती. आणखी?

सायली : आक्काबाई म्हणतात, मी रडले की त्या म्हणायच्या, रडून घे, तोपर्यंत मी नमाज पढून येते. आल्यावर पाय उचलायचा.

लंकाबाई : मला बी तेच म्हणाली होती. माझे गुडघे बदलून नऊ दिवस झाले होते. संडासला जायचं तर तुझी आई आन् तू, दोघी दोन बाजूंनी. देवाला म्हणत होते, ने बाबा. उज्वलानं त्या दिवशी ग्रुपवर घेतलं. नूरबानो विचारते, नवी कोण आली? मी म्हणलं, दिंडोरीची लंका. तर म्हणाली, लंका म्हणजे पेटणारच, पण पाय उचलताना पेट, सुनेवर नको.

सायली : हे तू कधी सांगितलं नाहीस.

लंकाबाई : सुनेवरचं तुझ्या आईला कशाला कळायला पाहिजे? आठ वर्षं झाली. रोज सात वाजता एक म्हणायची, मग दोन म्हणायच्या आधी इतका वेळ लावायची की पाय थरथरायला लागायचा. मी बोंबलायचे, तुला मोजता येत नाय का? ती म्हणायची, मला येतं, तुला धीर येत नाय. कधी तोंड पाहिलं नाय एकमेकींचं. इथून मनमाड ते किती लांब, पण राहिलंच.

सायली : आणि चार दिवसांपूर्वी नक्की काय झालं होतं? नुसता तुझ्या त्या हळदीतल्या फोटोवरून एवढा राग?

लंकाबाई : माहेरी दिंडोरीला भाच्याच्या हळदीत मी खाली मांडी घालून बसले. चार जणी खाली बसलेल्या, मी एकटी काय खुर्चीवर पाहुणीसारखी बसू? फोटो काढला, मला वाटलं सगळ्या म्हणतील वा लंकाबाई. ही सगळ्यांदेखत म्हणते, कोणीतरी उठवा त्या म्हातारीला, नवे गुडघे मातीत घातले. म्हातारी म्हणाली मला. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी स्वतः.

सायली : आणि खरं सांग, दुखतंय का गुडघा हळदीपासून?

लंकाबाई : फोन वाजतोय बघ.

सायली : आजी. मनमाडचा आहे. आपांच्याच नंबरवरून.

लंकाबाई : नको उचलू.

सायली : उचलायला हवा.

लंकाबाई : सांग, आजी घरी नाय. देवळात गेली. दवाखान्यात गेली.

सायली : हॅलो? हो, त्यांचाच नंबर आहे. मी त्यांची नात, सायली. आहेत, इथंच आहेत. स्पीकरवर टाकते.

आफिया : लंकामौसी? मी आफिया बोलतेय. नूरबानोंची सून.

सायली : आजी, बोल ना.

आफिया : मौसी, ऐकताय ना?

लंकाबाई : ऐकते. तू बोल, बाई. जे बोलायचं ते बोलून घे. मी मधे बोलणार नाय.

आफिया : मला भांडायचं नाही. मी एवढंच विचारायला फोन केला, तुम्हाला कुणी नीट सांगितलं का? अम्मी राहिल्या नाहीत.

लंकाबाई : आत्ता कळलं. पाच-धा मिन्टं झाली असतील. त्याच्या आधी मला वाटलं, रुसून ग्रुपमधून गेली.

आफिया : मी तेच म्हटलं सगळ्यांना. माझी नणंद म्हणाली, कोण आहे ही बाई, मैयतीच्या घरात असं बोलणारी? मी म्हटलं, ही दिंडोरीवाली आहे, हिला माहीत असतं तर ही बोललीच नसती. अम्मीशी भांडणारी एवढी एकच होती, बाकीच्या घाबरायच्या.

लंकाबाई : किती जणांनी ऐकलं तुझ्या घरात?

आफिया : खरं सांगू? खोलीतल्या सगळ्या बायांनी. फोन अम्मीच्या उशाशी होता. सकाळपासून टुंग टुंग वाजत होता, नणंदेनं म्हटलं, लाव, लोक काय म्हणतात ऐकू. सगळ्यांचं श्रद्धांजली, श्रद्धांजली. मग तुमचं लागलं.

लंकाबाई : बरं झालं म्हणाले मी.

आफिया : म्हणालात.

लंकाबाई : आफिया, मी सासू झाले तेव्हापासून कोणाची माफी मागितली नाय. त्याच्या आधी मागितली असंल, आठवत नाय. माझं चुकलं. तुझ्यापाशी नाय, तिच्यापाशी चुकलं. पण ती तर आता मला उलटं बोलायला बी नाय.

आफिया : चार दिवस रोज सात वाजता गिनती झाली की त्या फोन धरून बसायच्या, मौसी. एकेकीचं पाय उचलला, पाय उचलला असं यायचं. त्या ऐकत राहायच्या. मी म्हटलं, कुणाची वाट बघताय? म्हणाल्या, दिंडोरीवालीची. तिचा पाय वाकेल, मान वाकायची नाही.

लंकाबाई : मी उचलत होते. चारी दिवस उचलला. नुसतं सांगितलं नाय.

आफिया : अम्मीही तसंच म्हणाल्या काल. उचलत असेल चुपचाप. बाई इमानदार आहे.

लंकाबाई : असं म्हणाली?

आफिया : हो. आणि म्हणाल्या, तोंड मात्र खराब आहे.

लंकाबाई : हां. आता खरं वाटलं तिचं.

सायली : आफियाताई, दफन कधी आहे?

आफिया : असरच्या नमाजनंतर. साडेपाचच्या सुमारास निघेल जनाजा. तोपर्यंत घरातच आहेत.

सायली : आता साडेदहा. आजी, मी सुट्टी टाकते. इथून दोन तासांत पोहोचू.

लंकाबाई : तू गप. आफिया, मी आले तर चालेल का? मला तिचं तोंड बघायचंय. आठ वर्षं नुसता आवाज ऐकलाय मी. तुमच्यात बाहेरच्या बाईला बघू देतात का, ते मला ठाऊक नाय. नसेल तर स्पष्ट सांग, मी वाईट वाटून घेणार नाय.

आफिया : बाया बघतात. आमच्या गल्लीतल्या पाटीलकाकू आत्ता बघून गेल्या. पण एक सांगते, मौसी. वसीम, म्हणजे माझा नवरा, त्यानंही ऐकलंय ते. मी समजावलं, पण तो रागावलाय. दारातच असेल. तो तुमच्याशी बोलणार नाही.

लंकाबाई : त्याचं बरोबर हाय. त्याच्या जागी मी असते तर पायरी चढू दिली नसती.

आफिया : काही बोलला तर ऐकून घ्याल?

लंकाबाई : ऐकून घेईन. ही सायली हाय सोबत, हिच्यासमोर ऐकून घेईन. इथं इंदिरानगरात ही सगळ्यांना सांगत फिरेल, आजी गप बसली होती म्हणून. ते बी चालेल.

सायली : नाही सांगणार.

लंकाबाई : सांगशील. काही घेऊन यायची रीत हाय का, आफिया? आमच्यात पहिल्या दिवशी घरात चूल पेटत नाय. नातेवाईक भाजी-भाकरी पोचवतात.

आफिया : आमच्यातही तीन दिवस शेजारचे जेवण देतात. तुम्ही काही आणू नका.

लंकाबाई : मी काय रिकाम्या हाती येणार? सायले, डब्यात बघ, भाकरीचं पीठ दळून आणलेलं हाय. वीसेक भाकरी होतील. आफिया, ठेचा चालतो ना तुमच्या पोरांना?

आफिया : चालतो. पण तुम्ही एवढा वेळ उभं राहून भाकऱ्या करू नका, गुडघे...

लंकाबाई : आता तू नको सुरू होऊ.

आफिया : बरं. स्टेशनच्या पुलावरून उतरलात की मशिदीच्या मागची गल्ली. तिसरं घर, दारात मंडप टाकलाय. पण मी तुम्हाला ओळखू कशी? त्या फोटोत तर तुमच्या तोंडाला हळद होती.

सायली : मी असेन ना. पोहोचलो की फोन करते.

लंकाबाई : आफिया, एक विचारते. तिनं शेवटी काही त्रास काढला का?

आफिया : नाही. पहाटे फजरच्या नमाजाला उठल्या, स्वतः हातपाय धुऊन वजू केलं, स्वतः चालत आल्या. पाणी मागितलं. मी घेऊन येईपर्यंत झालं होतं.

लंकाबाई : चालत आली.

आफिया : कुणाचा हात न धरता.

लंकाबाई : बरं. ठेव आता. तुझ्या घरी माणसं असतील. आम्ही येतो.

आफिया : या. आणि मौसी, आत आलात की मोठ्यानं बोला. सकाळपासून सगळं घर कुजबुजतंय, अम्मीला ते आवडलं नसतं.