ओढ्याअलीकडची सुईण

आजच्या सभेचे अध्यक्ष पाद्रीसाहेब, व्यासपीठावरचे दोन्ही काठांचे गावप्रमुख, सत्कारमूर्ती ओटिलीबाई, आणि ओढ्याच्या अलीकडून-पलीकडून येऊन शेजारी शेजारी बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मी एकहार्ट, पलीकडच्या काठाचा सुतार. इथे बोलायची माझी पात्रता एकच: मी ओटिलीबाईंच्या हातून जगात आलो, तेही पायाळू.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात अमेरिकन आणि रशियन शिपाई आपल्या ओढ्यात एकत्र पोहत. जर्मनीचे वाटे पडले होते, पण वाटेकऱ्यांत गोडी होती. शत्रू होता तोवरच ती टिकायची, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? पुढे अठ्ठेचाळीस साली बर्लिनच्या वाटा अडल्या आणि आपल्या ओढ्यावरची, ये-जा करायची फळीही उचलली गेली. युरोप दुभंगला म्हणतात. माझ्या आईपुरती, सुईण पलीकडे राहिली.

त्याच वर्षी हिवाळ्यात आई अडली. आजीनं काठावरून हाक मारली, "ओटिली, पाय आधी येतायत."

अमेरिकन पहारेकऱ्यानं बाईंना बजावलं, गेलात तर परत घेणार नाही. समोर रशियनानं बंदूक रोखली. ते पाहून अमेरिकनानंही रोखली. बाई गुडघाभर गार पाण्यात मधोमध उभ्या राहिल्या.

"तुमचं काय असेल ते तुम्ही निस्तरा," त्या म्हणाल्या. "बाळ थांबणार नाही."

रशियनानंच हात देऊन वर घेतलं म्हणे. माणूसच तो.

मला ओढून काढताना माझा एक पाय पिरगळला. तो नीट पाहायच्या आतच रशियनांनी बाईंना कचेरीत नेलं. तुला कुणी पाठवलं? बर्फ वितळेपर्यंत हाच प्रश्न. सुटून घरी आल्या, तर अमेरिकनांनीही तेच विचारलं! मग तारा आल्या, सुरुंग आले. खिडकीतून हात हलवायचीही सोय उरली नाही. पहारेकऱ्याला तो इशारा वाटायचा.

गेल्या हिवाळ्यात तारा तुटल्या. मी आईला धरून ओढा ओलांडला. तिनं आभाराचे शब्द जुळवून ठेवले होते, पण ते ऐकायच्या आधीच बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"लंगडतो का गं हा?"

"नाही गं," आई म्हणाली.

"उडी मारून दाखव."

मंडळी, चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला बाप्या मी, चिखलात उड्या मारल्या. बाई ओंडक्यावर मटकन बसल्या. "इतकी वर्षं जिवाला घोर होता," एवढंच म्हणाल्या. मग दोघी म्हाताऱ्या पोट धरून हसल्या.

ओटिलीबाई, आता खुशाल विसावा घ्या. मंडळी, आपण माझं ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल, तर सुताराची जीभ म्हणून पोटात घाला. आणि घरी सावकाश जा. वाटेत कागद विचारणारं कुणी नाही.