ही सुशीला कोण गं?

शांतता मिळेल म्हणून आले होते हो मी कोल्हापूरला! दिल्लीत हॉस्टेलच्या खोलीत बसून काय काय रंगवलं होतं, तुम्हाला सांगते... सकाळी कळंबा तलावाला एक फेरी, परत आलं की आईचा चहा, मग खिडकीपाशी लॅपटॉप, आणि पीएच.डी.चं शेवटचं प्रकरण कसं, आपोआप उतरणार! माझ्याच माणसांवरचा प्रबंध माझ्याच माणसांत बसून पूर्ण करणार! आणि इथं काय? सकाळी दूधवाला विचारतो, झालं का न्हाय अजून? दुपारी शेजारच्या चिमणाबाई विचारतात, झालं का न्हाय? जशी काही कुकरची शिट्टीच राहिलीय!

अहो, शेवटचा टप्पा म्हणजे विचार कधीच संपलेले असतात. उरतात समास, तळटिपा, संदर्भसूची... इकडं एक स्वल्पविराम हलवला की तिकडं अख्खा तक्ता पुढच्या पानावर जाऊन बसतो. मी त्याला ओढून आणतेय, तो परत जातोय, आणि माझ्या खुर्चीमागं उभे आमचे प्रभुलिंगकाका. वडिलांचे धाकटे भाऊ. "किती जाड हुतंय गं? लई बारीक नको दिसायला." आणि अशात त्यांची नजर पडली ऋणनिर्देशाच्या पानावर. संपलं! त्या माणसानं ते पान लग्नपत्रिकेसारखं तपासायला घेतलं. धाकट्या मामांचं नाव मोठ्या मामांच्या वर कसं? मुरगूडचे पावणे कुठं गेले? उद्या त्यांना तोंड दाखवायचं हाय की आपल्याला! घातली हो मी नावं. वाद नको म्हणून एकेक करत सगळी घातली. काका तर माझ्या गाईडबाईंच्या लगेच खाली. आणि शेवटी आपलं ते ठरलेलं वाक्य, ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार. काका इतके खूश, की त्यांनी माझ्या सत्काराला हॉलच ठरवून टाकला. रविवारी. आणि प्रबंध द्यायचाय सोमवारी! निदान मला विचारायला हवं होतं की नाही? पण विचारतंय कोण!

प्रबंध कशावर, ते सांगायचंच राहिलं. हुपरीत चांदीचे पैंजण करणाऱ्या बायकांवर. घराघरात कारखाना, चांदी पुरुषांच्या नावावर, दुकानाची पाटी पुरुषांच्या नावाची, आणि घुंगरू जोडता जोडता डोळे जातात ते बायकांचे. माझं म्हणणं एवढंच, की या बायकांच्या कामाला नाव नाही. परिषदांमधून हे मी टेबल आपटून मांडलंय! आणि मला हे कळलं कुणामुळं? आमच्या मोठ्या आत्यामुळं. तिचं नाव शिवगंगा, पण सगळी हुपरी तिला आक्का म्हणते, म्हणून मीही. तिनं मला घरोघर फिरवलं. भावाची पोरगी हाय, बोला की, खात न्हाय ती कुणाला! चौथं प्रकरण तर अख्खं तिच्या तोंडचं आहे.

म्हणून शुक्रवारी एस.टी. धरली आणि हुपरीला गेले. म्हटलं, छापायच्या आधी तिला वाचून दाखवावं. आक्का चटईवर, पुढ्यात घुंगरांची वाटी, दोन शेजारणी मुद्दाम बोलावलेल्या. मी इंग्रजीचं मराठी करत करत सांगतेय... सुशीला म्हणते, दुसऱ्यांच्या पायांतली चांदी रोज माझ्या हातात, माझे पाय मात्र रिकामे. सुशीला म्हणते, दीर चांदीत हात मारायचा. सुशीला म्हणते, सासरे गेल्यावर कारखाना मीच चालवला. आक्काचा हात थांबला.

"ही सुशीला कोण गं?"

"तूच की, आक्का."

"मी शिवगंगा. ही कुठल्या गल्लीतली? माझ्या तोंडचं सगळं हिनं कसं सांगितलं?"

मी समजावलं. गोपनीयता, संशोधनाची नीती, तुझ्याच भल्यासाठी नाव बदललंय, तू संमतीपत्रावर सही केलीयस... केली होती हो तिनं! मीच बोट ठेवलं होतं, इथं कर म्हणून. वर काय लिहिलंय ते एका दमात म्हणून दाखवलं आणि मोकळी झाले. दिवसाला किती जोड होतात, डोळे कधीपासून दुखतात, घरात निर्णय कोण घेतं, सगळं विचारलं. तुझं नाव काढून टाकू का, हे? नाही. तेवढं विचारायला हवं होतं.

शेजारणींना हसू आवरेना. एक म्हणाली, सुशीलाताई, च्या तरी टाका! आक्का हसली नाही. तिनं विचारलं, प्रभूचं नाव बदललंस का? म्हटलं, नाही, काकांचं आभारात आहे. ती म्हणाली, त्यानं काय केलं? आता काय सांगू? हॉल बघितला! मग म्हणाली, त्या आभारात मी हाय का? मी आपलं ते ठरलेलं वाक्य वाचलं.

"व्हय, पण मग मी ज्ञात का अज्ञात?"

तुम्हाला सांगते, तोंडी परीक्षेत मला याहून अवघड प्रश्न येणार नाही. तिनं घुंगरू उचललं आणि खाली बघूनच बोलली, "दुकानाच्या पाटीवर न्हाय ते न्हायच. म्हटलं, तुझ्या बुकात तरी असंल."

येताना एस.टी.त खिडकी मिळाली, पण बाहेर काय होतं ते विचारू नका. ज्या पाटीविरुद्ध मी इतकी वर्षं बोंबलतेय, तसलीच एक पाटी रंगवून, पानांना नीट क्रमांक घालून, मी मांडीवर घेऊन बसले होते...

सकाळी उठले आणि ठरवून टाकलं. गाईडबाईंना फोन लावला, आक्काचं खरं नाव घालायचंय. त्या म्हणाल्या, नव्यानं संमती घे, नीती समितीसमोर ठेवू, पण मग सोमवार विसर, पुढच्या सत्रात बघू. म्हटलं, विसरले. काकांना सांगितलं, सत्कार रद्द करा. "रद्द कसा? चौकात फ्लेक्स लागलाय की! तू बुक दे न्हायतर नको देऊ, रविवारी हार घालून घ्यायचा." म्हणजे न दिलेल्या प्रबंधाबद्दल माझा सत्कार होणार आहे, या सगळे!

मग आक्काला फोन केला. म्हटलं, तुझं नाव घालतेय. या वेळी मात्र आधी विचारतेय, चालेल ना? तिकडं घुंगरांची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, बाईचे डोळे भरून आले.

"घाल की," ती म्हणाली. "पण ते दिराचं हाय न्हवं... तेवढं सुशीलाच म्हणाली म्हणून ऱ्हाऊ दे."