जीवखड्याची घनता

नंदुरबार स्टँडवर प्रकाशा गावाच्या गाडीसाठी रांग होती. माझ्यापुढे काका-पुतणी उभे होते. आज मुलीच्या वडिलांचा दहावा, आणि चितेजवळ मडकं फोडलेला दगड, म्हणजे जीवखडा, तापीत सोडायचा होता.

"जीवखडानं वजन कोन करस, दीपमाला?"

"उचलताना हलका लागला, काका. काल काट्यावर दोनशे दहा ग्रॅम भरला."

"दगडच बारीक शे, माय."

"काठोकाठ भरलेल्या लोट्यात बुडवला, तर दोनशे घन सेंटीमीटर पाणी सांडलं. घनता एक पूर्णांक शून्य पाच आली. दगडाची अडीचच्या पुढे असते."

"तुन्हं गनित चुकनं व्हई."

"आधी चुकलं होतं. किलोला घन सेंटीमीटरनं भागलं होतं. मग किलोचे ग्रॅम केले."

"मंग?"

"आज सकाळी परत मोजला. बोटानं दाबून बुडवला, पाणी तितकंच सांडलं. वजन एकशे अठ्ठ्याण्णव."

"म्हंजे काय?"

"एकच्या खाली गेला. आता पाण्यात बुडणार नाही."

"बुडना नई, ते भाऊना जीव मोकया कसा व्हई?"

"पप्पाबी बुडाल्यावर तिसऱ्या दिवशी असेच वर आले होते, काका."

"गप. ती दगडनी थैली दे मन्हाकडे."

"काका, ती मघापासून तुमनाच हातमा शे."