मोती की पोळं

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक, एवढ्या लांबून आलेले प्रमुख पाहुणे प्राध्यापक महोदय, कालवा खात्याचे मोठे साहेब, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे विभागप्रमुख आदरणीय सर, आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो. मागच्या रांगांत, चिखलाचे बूट दाराशी काढून बसलेल्या सापळेवाल्या मंडळींना माझा वेगळा नमस्कार. तुम्ही पाणउंदीर आणून दिले नसते, तर आमच्या विभागाने उघडून काय बघितलं असतं? एकमेकांचे डबे?

विभागातला सर्वांत जुना सहायक म्हणून बोलायचा मान मला मिळाला. भाषण लिहून आणलंय, ते या खिशात आहे. सकाळी वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भावजी, 'ऋणी' हा शब्द चार वेळा आलाय. दोन तरी काढा." मी दोन काढले. उरलेले दोनही आज वाचणार नाही. का, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

सरांचा आणि माझा सहवास फार जुना. मी खेड्यातल्या शाळेत शिकलो. आमचे गुरुजी म्हणायचे, "ठाऊक नसेल तर विचार. विचारणारा क्षणभर लाजतो, न विचारणारा जन्मभर." तो धडा मी इथेही पाळला. सर, मी तुम्हाला किती विचारलं! आणि तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून सांगितलंत. ते मी आजही नाकारणार नाही.

सभागृहातल्या नव्या मंडळींसाठी आमचं काम थोडक्यात सांगतो. पाणउंदीर कालव्याच्या बांधात बिळं करतात, बांध पोखरला की फुटतो. म्हणून खात्याने सापळेवाले नेमलेत. त्यांनी धरलेल्या उंदरांपैकी काही आमच्याकडे येतात. आम्ही आतडी धुतो, यकृत चिरतो, आत कोण बिऱ्हाड करून राहिलंय ते बघतो. ज्याच्या पोटात हे बिऱ्हाड असतं त्याला आमच्या शास्त्रात 'यजमान' म्हणतात. बिचाऱ्याने आमंत्रण दिलेलं नसतं, तरी यजमान.

यकृतावर पांढरे ठिपके दिसतात. त्यांची लांबलचक शास्त्रीय नावं कोण घेत बसणार? आम्ही दोनच शब्द केले, मोती आणि पोळं. मोती म्हणजे मांजराच्या जंताचं पिल्लू. सुटा, गोल दाणा. त्याची माणसाला बाधा नाही. पोळं मात्र वेगळं. त्यात बारीक बुडबुडे एकाला एक चिकटून वाढत जातात. असलं यकृत कुत्र्याने खाल्लं की त्याच्या आतड्यात इवलेसे जंत होतात. कुत्र्याला काही होत नाही, ते शेपूट हलवत फिरतं. जंतांची अंडी बाहेर पडतात, केसांना लागतात, केसांवरून माणसाच्या हाताला आणि हातावरून तोंडात. मग माणसाच्या यकृतात तेच पोळं वर्षानुवर्षं गुपचूप वाढतं. दुखत नाही, खुपत नाही. आणि लहान असताना मोती कुठला, पोळं कुठलं, नुसत्या डोळ्यांनी मला काय, कुणालाच सांगता येत नाही. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. बघणारे सर. ते मान वर करून सांगायचे, "मोती." मी चिठ्ठी चिकटवायचो.

माझा थोरला भाऊ सापळेवाला आहे. मागच्या रांगा त्याला ओळखतात. आज तो इथे नाही, वहिनी आली आहे. दादाकडे खंड्या नावाचा कुत्रा होता, पाण्यात सूर मारायचा म्हणून खंड्या. तो दादाच्या ताटाशी बसायचा, दादाच्या पायाशी झोपायचा.

एका सकाळी दादा उंदीर घेऊन आला तेव्हा मी एक यकृत सरांच्या टेबलावर ठेवलं होतं. त्यावर ठिपके नेहमीपेक्षा जास्त होते. दादाने दारातूनच विचारलं, "अरे, उरलेल्या उंदरांची काळजं मी खंड्याला घालतो. चालतं ना? की तुमच्या शास्त्राला विचारू?"

मी म्हणालो, "शास्त्र आत बसलंय, थांब."

आत जाऊन विचारलं. सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होते. मग म्हणाले, "मोतीच आहे. घाल म्हणावं खुशाल."

मी बाहेर येऊन दादाला तेच सांगितलं. "खुशाल," तो म्हणाला, "खंड्या, तुझी बढती झाली!"

पुढे सर एकदा दादाच्या अंगणात चहाला आले. खंड्याने सवयीने त्यांच्या गुडघ्यावर पाय ठेवले. सर ताडकन उठले. म्हणाले, "पँट पांढरी आहे हो." चहा उभ्यानेच प्यायले, आणि निघताना साबण मागून दोनदा हात धुतले. आम्ही हसलो. वहिनी म्हणाली, "एवढे मोठे साहेब आणि कुत्र्याला भितात!"

प्राध्यापक महोदय, आता तुमच्याकडे येतो. तुमचं मघाचं भाषण फार मनापासून होतं. तुम्ही म्हणालात, नऊ वर्षांपूर्वी परदेशातल्या परिषदेत सरांनी पाणउंदरातलं पोळं या भागात पहिल्यांदा दाखवलं, आणि सगळं सभागृह उभं राहिलं. त्या परिषदेचं मानचिन्ह सरांच्या टेबलावर आहे, दर सोमवारी मी ते पुसतो. ते कशाबद्दल मिळालं, हे विचारावंसं मला कधी वाटलं नाही. मग तुम्ही हसत म्हणालात, "ठिकाण मात्र या गृहस्थाने कुणाला सांगितलं नाही. दुसरे येऊन नमुने पळवतील म्हणून. काल संध्याकाळी बांधावर फिरताना मला म्हणाले, ते यकृत याच कालव्यावरचं होतं."

आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. माझेही हात जुळले होते. ते तसेच राहिले.

नऊ वर्षांपूर्वीचं, याच कालव्यावरचं यकृत. सर, त्या वर्षी टेबलावर कुठलं यकृत होतं, ते मला आठवतं. खंड्याची बढती झाली ते वर्ष. पोळं सापडलं हे कळलं असतं तर माणसांना धोका नको म्हणून खात्याने सापळे थांबवले असते आणि तुमचे नमुने आटले असते, एवढं मला इथे खुर्चीत बसल्या बसल्या समजलं. बाकीचं समजत नाही.

गेल्या महिन्यापासून दादा पिवळा पडलाय. यकृतात मोठी गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, कर्करोग दिसतो, पसरलाय, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. त्यांनी विचारलं होतं, "घरी कुत्रं होतं का?" दादा खाटेवरून अभिमानाने म्हणाला, "होतं. पण आमच्याकडे मोती असतात डॉक्टर, पोळं नाही. धाकट्याच्या सरांनी स्वतः बघितलंय." त्या दोन शब्दांचा अर्थ मीच समजावला, आणि डॉक्टरांनी पोळ्याचा विचार सोडून दिला.

सर, तुम्ही दादाला भेटायला आलात. फळं आणलीत. त्याच्या पोटाच्या फोटोची फिल्म खिडकीकडे धरून बघितलीत. तशीच बराच वेळ, जशी तेव्हा नजर लावली होतीत तशी. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "देवाची इच्छा."

मी रोज संध्याकाळी देवापुढे बसणारा माणूस आहे. त्याची इच्छा असते, मानतो. महिनाभर मी त्याच्याशीच भांडतोय. दिवा लावतो आणि भांडतो, की सरळ चालणाऱ्या माणसाला हे का? आज कळलं, मी चुकीच्या दाराशी भांडत होतो. सर, तुम्ही माझं नाव पुढे केलं असतंत, खात्याचं केलं असतंत, तरी चाललं असतं. देवाचं नाव पुढे करायला नको होतं.

अध्यक्ष महाराज, आपण घड्याळाकडे बघताय. संपवतोच.

दादाने सरांसाठी आजारपणात एक काठी कोरली आहे. ती त्या टेबलाला टेकवलेली आहे. तिच्या मुठीला पाणउंदराचं तोंड आहे, मिशासुद्धा काढल्यात. "सरांना बांधावर फिरायला होईल," म्हणाला. ती सरांचीच आहे. दिलेली वस्तू आमच्या घरात परत घेत नाहीत.

आता कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे सत्काराला उत्तर द्यायला सर उभे राहतील. सर, सुंदर बोलता तुम्ही. आज सुंदर बोलू नका. एवढंच सांगा, त्या सकाळी काचेखाली मोती होता की पोळं? पोळं असेल तर त्यावर औषध आहे, हे मला तुम्हीच शिकवलंय. वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, पण माणूस जगतो. वहिनी तिसऱ्या रांगेत बसली आहे, इथून ती थेट दवाखान्यात जाणार आहे. तिथे माझ्या शब्दाला कोण विचारतो? तुमच्या शब्दावर त्यांनी एक शक्यता सोडून दिली, तुमच्याच शब्दावर ते ती पुन्हा उचलतील. आणि मागच्या रांगांतही घरोघरी कुत्री आहेत. त्यांच्या ताटात काय पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

माझ्या बोलण्याने समारंभाचा सूर बिघडला असेल, तर आयोजकांनी, पाहुण्यांनी, आपण सर्वांनी मला पदरात घ्यावं. फुलं आणणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, एवढा वेळ शांत बसलेल्या आपणा सगळ्यांचे आभार. सरांचेही आभार, जे शिकवलं ते खरं होतं. विचारायलाही तुमच्याकडेच आलो आहे.

माईक बंद करत नाही. वहिनी, तू उठू नकोस. सर उत्तर देतायत.