आठ किलो वांगी आणि एक डोंगर

हसू नका, पण बाळंतपणाच्या रजेनंतर ऑफिसातलं माझं हे पहिलंच काम होतं: गटानं मिळून ट्रेकची तयारी करायचं ॲप. मला जिना चढतानाही धाप लागते, ते सोडा. चाचणीसाठी मेहरूणमधल्या आमच्या गल्लीतल्या बायकांना घेतलं आणि शिरपूरकडचा एक डोंगर ठरवला. यादीत मी पाणी, शिट्टी, प्रथमोपचार पेटी असं जीव वाचवणारंच सगळं लिहिलं. सकाळी बघते तर खाली भर पडलेली: आठ किलो वांगी, ती भाजायला कपाशीच्या काड्या, भाकरीसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ आणि भरीत ठेचायची लाकडी बडगी! ॲपनं लाल अक्षरांत बजावलं, "चढाईसाठी वजन जास्त आहे. काहीतरी कमी करा."

दुपारी स्क्रीन हिरवा. "तयारी पूर्ण!" मी आनंदानं शेजारच्या सुमनअक्कांना फोन लावला.

"अक्का, बडगी काढली ना?"

"बडगीशिवाय भरीत होतं का गं?"

"मग वांगी?"

"वांग्यांना कशाला हात लावू? मी डोंगर काढून टाकला. आमच्या मळ्यात जाऊ, गाडी थेट विहिरीपर्यंत जाते."

सोमवारी साहेबांना मी फक्त हिरवा स्क्रीन दाखवला. त्यांनी ठिकाण विचारू नये म्हणून सोबत भरिताचा डबा नेला.