मागची भिंत

तुमी म्हणता न, आयटीत जात नसते म्हणून? मंग हे ऐका.

मी अकोल्यातून, घरूनच, अमेरिकेतल्या कंपनीचं काम करतो. मागच्या महिन्यात कंपनीनं 'सर्वसमावेशक आठवडा' ठेवला होता. आमचा टीम लीड मूळचा पुण्याचा, आता तिकडंच अमेरिकेत राहते. व्हिडिओ कॉलवर त्यानं सांगितलं, "माझ्या सावळ्या रंगामुळे इथे मला तीनदा प्रमोशन नाकारलं." गोरा साहेब तर डोळे पुसून राहिला होता. मलेबी वाईट वाटलं, खोटं कायले सांगू?

कॉल संपला अन् लगेच त्याचाच फोन. "तुझ्या मागे भिंतीवर तो निळ्या कोटातला फोटो आहे ना, तो जरा काढ. ऑफिसात राजकारण नको."

फोटो कोणाचा, ते तुमाले सांगाची गरज नाही.

म्या म्हटलं, "सर, तुमच्या मागं तर अख्खा देव्हारा दिसते."

"अरे, ते माझं घर आहे."

"मंग हे काय गोडाऊन हाये?"

तो म्हणे, "अप्रेजल जवळ आलंय. तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

झालं. दुसऱ्या दिवशी मी मागची भिंत धूसर करून कॉलवर बसलो. आई चहा घेऊन आली अन् स्क्रीनकडं पाहून थबकली.

"काहून रे, भिंतीवर तर बाबा हायेत. इथं काहून दिसून नाही राहिले?"

म्या म्हटलं, "आई, सध्या कंपनी साऱ्यायले सामावून घेऊन राहिली."