पटावरची जोडी

कारंजाच्या स्टँडवर वर्ध्याची गाडी लागायची होती. रीताच्या मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बहिणी बसल्या होत्या. गप्पांच्या ओघात थोरली शंकरपटातल्या बैलांच्या शर्यतींवर आली, आणि तिचा आवाजच तरणा झाला.

“काय दिवस होते व नलू ते! आपली जोडी सुटली का अख्खं गाव टोप्या उडवे.”

“भाऊजी गेले, मंग तसा जोडी हाकणारा धुरकरी झाला नाई बाई.”

“नाईच झाला.”

“पण तुतारीचा खिळा लय टोचत ते बैलायले.”

“पटात त समदेच टोचत. हे घरी आल्यावर टोचत. जितून आल्यावर, गोठ्यात बांधून.”

“जितल्यावर काऊन?”

“म्या इचारलं एकडाव. म्हणे, बैल थरथरला का मले बरं वाटते. दारू नाई, राग नाई. तेवढं गोड हासणं त्यायचं म्या कधी पायलं नाई.”

“अन् तू अजून त्या बैलायची आठवण काढून राह्यली!”

“काढीन नाई त? हळद लावो मी त्यायच्या जखमायले. गरीब जनावरं, माहे हात चाटत.”

“मंग भाऊजी असतानाच तुह्या पोरानं, प्रफुलनं ट्रॅक्टर आणला.”

“हो. बैल इकले, अन् मी दोन रोज जेवली नाई.”

गाडी लागली. लोक दाराशी धावले. रीता बसूनच राहिली.

“लेकरावानी जीव होता तुहा बैलायवर.”

“बैलायसाठी नाई व नलू. बैल त सुटले. घरी मंग मीच उरली.”